आधी दुरुस्ती, मग सजावट: जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह लांबच्या प्रवासाला काढताना

लांबच्या प्रवासात जुनी गाडी अडते ती बहुतेक वेळा साध्या गोष्टीवरून. रेडिएटरचा होज फुटतो, चाकाचं बेअरिंग ग्रीसवाचून जळतं, टाकीच्या तळाचा गाळ फिल्टरमध्ये येऊन बसतो, नाहीतर अर्थिंग गंजल्यामुळे स्टार्टर नुसता टकटक करत राहतो. विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र, नव्हती म्हणून प्रवास अर्ध्यावर सोडावा लागला, असं फार क्वचित घडतं. तरीही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह हाती आली की पहिली खरेदी होते ती टपावरच्या कॅरियरची, दिव्यांची, विंचची आणि मोठ्या टायरांची. हा क्रम उलटा आहे. गाडी जशी कारखान्यातून निघाली होती तशी तिला आधी परत आणायची, आणि मगच तिच्या अंगावर काही चढवायचं. चढवायचं तेही मोजून.

जुनी गाडी लांब जाऊ शकत नाही, असं मात्र मुळीच नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये लंडनहून दोन लँड रोव्हर निघाल्या आणि मार्च १९५६ मध्ये सिंगापूरला पोहोचल्या. त्यांतलीच एक पुढे दुरुस्त केली गेली आणि २०१९ मध्ये, साठी ओलांडलेली असताना, सिंगापूरहून लंडनपर्यंत उलटी चालत आली. जर्मनीचे गुंथर होल्टॉर्फ यांनी १९८८ सालच्या मर्सिडीज ३०० जीडीमधून १९८९ ते २०१४ या काळात जवळपास ९ लाख किलोमीटर जग पालथं घातलं. त्या गाडीचं इंजिन बिनटर्बोचं डिझेल होतं, ताकद अवघी ८८ अश्वशक्ती. जुन्या गाडीचं बळ तिच्या साधेपणात आहे. ती उघडून पाहता येते, बिघाड डोळ्यांना दिसतो आणि मोजक्या पान्यांनी दुरुस्त होतो. पण वयानं तिच्या रबराचं, धातूचं आणि वायरींचं काय केलंय हे आधी तपासल्याशिवाय त्या साधेपणाचा उपयोग नाही.

सांगाडा

तपासणी चासीपासून सुरू करावी, कारण बाकी सगळं बदलता येतं. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. सडलेल्या चासीवर मात्र कितीही काम केलं तरी ते वाया जातं. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हची चासी म्हणजे दोन लांब पोकळ तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे. गंज बाहेरून लागतो त्यापेक्षा आतून जास्त खातो, कारण आत शिरलेला चिखल वर्षानुवर्षं ओल धरून बसतो. गाडीखाली शिरून छोट्या हातोडीनं सगळीकडे टकटक करत जावं. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हर दाबून बघावा. पाट्यांचे किंवा स्प्रिंगचे ब्रॅकेट, बॉडी चासीवर बसते त्या जागा, मागचा आडवा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टनं धरलेला असतो तो भाग, इथे जास्त वेळ घालवावा. स्टिअरिंग बॉक्सभोवती केसासारखी बारीक चीर असेल तर ती आज निरुपद्रवी दिसते. खडबडीत रस्त्यावर काही दिवसांत तीच स्टिअरिंग हातातून काढून घेऊ शकते. विकत घेताना गाडीच्या खाली नुकताच दिलेला जाड काळा थर दिसला, तर तो खरवडून बघू द्या असा आग्रह धरावा. विकणारा नाही म्हणाला तर ती गाडी सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंजिनाची परीक्षा थंड असतानाच करावी. आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन खूप काही लपवतं. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काळा असेल तर इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय, किंवा डिझेल नीट जळत नाहीये. इंजिन चालू ठेवून ऑइल भरण्याचं झाकण उघडावं. तिथून जोरात वाफेसारखे फुसकारे येत असतील तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजताना, एकेका आकड्यापेक्षा सगळ्या सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत हे जास्त बोलकं असतं. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर नवा टाकावा. त्यावर विचार करण्यासारखं काही नाही.

तापमान

जुन्या गाडीला सगळ्यात जास्त घात करणारी गोष्ट उष्णता, म्हणून इथे थोडं थांबू या.

इंधनातून निघणाऱ्या ऊर्जेचा ढोबळमानानं एक तृतीयांश भागच चाकांकडे जातो. साधारण तेवढीच उष्णता सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली कूलंटमधून रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. हमरस्त्यावर वेगात समोरून भरपूर वारा मिळतो. पण भरलेली गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग आणि जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, वाळूतून किंवा चढावरून १० किलोमीटरच्या वेगानं जाते तेव्हा इंजिन पूर्ण ताकदीनं राबत असतं आणि वारा जवळपास शून्य. त्या वेळी सगळी भिस्त पंख्यावर आणि रेडिएटरवर. शहरात वर्षभर कधीच न तापलेली गाडी पहिल्याच घाटात तापते, त्याचं कारण हेच.

रेडिएटरमध्ये बारीक नळ्या असतात. साधं नळाचं पाणी वर्षानुवर्षं भरत राहिलं की त्यांत क्षार साचतात आणि बाहेरून ठीक दिसणारा रेडिएटर आतून अर्धा बंद झालेला असतो. तो काढून नीट साफ करून घ्यावा. नळ्या फारच बुजल्या असतील तर जाळी नवी बसवावी. कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मं निम्मं घालावं. कूलंटचं काम गोठण रोखण्यापुरतं नसतं. त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमचं हेड आणि वॉटर पंप वाचवतात, आणि ती द्रव्यं काही वर्षांत संपतात.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि इथेच फसगत होते. हे झाकण आतला दाब धरून ठेवतं. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. सुमारे १ बार जास्तीचा दाब मिळाला की तेच १२० अंशांच्या आसपास उकळतं. आता ३,००० मीटर उंचीचा विचार करा. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९० अंशांनाच उकळतं. झाकणाचं रबर कडक होऊन दाब सुटत असेल, तर खाली ठणठणीत वाटणारी गाडी वर गेल्यावर उकळ्या फोडू लागते. उंचीवर हवाही विरळ असते. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १,००० मीटरला साधारण दहा टक्के कमी होत जाते, म्हणजे ड्रायव्हर ॲक्सिलरेटर आणखी दाबणार आणि उष्णता आणखी वाढणार. नवं झाकण ही या सगळ्या तयारीतली सगळ्यात स्वस्त वस्तू असेल.

पंखा व्हिस्कस कपलिंगचा असेल तर त्यात सिलिकॉनचं दाट तेल असतं, आणि गरम झाल्यावर ते पंख्याला इंजिनाबरोबर फिरायला लावतं. इंजिन चांगलं गरम असताना बंद करून पंखा हातानं फिरवून बघावा. तो सैलपणे गरगर फिरला तर कपलिंग गेलंय. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो. तो मानू नये. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतानाच बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्यातलं बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता तसंच परत इंजिनात फिरतं.

डॅशबोर्डच्या काट्यावर पूर्ण विश्वास ठेवू नये. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवर खरं सांगतो. होज फुटून पाणी निघून गेलं तर तो कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येताना दिसू शकतो. म्हणून कूलंटची पातळी घटली की वाजणारा अलार्म मी विंचच्या कितीतरी आधी बसवायला सांगेन. गाडी तापलीच तर इंजिन लगेच बंद न करता हीटर पूर्ण सुरू करावा, बोनेट उघडावं आणि थोडा वेळ आयडलवर ठेवावी. पाणी निघून गेलं असेल तर मात्र तत्काळ बंद करावी. झाकण गरम असताना उघडायचं नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. आणि रेडिएटरच्या समोर दिवे, विंच, नंबरप्लेट अशी रांग लावून वारा अडवू नये.

रबर

रबराला गाडी चालते की उभी आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. ते दोन्हीकडे म्हातारं होतं. कमी चाललेली जुनी गाडी म्हणूनच फसवी असते. होज, फॅन बेल्ट, ब्रेकच्या लवचीक नळ्या, इंधनाच्या नळ्या, सस्पेन्शनचे बुश, ऑइल सील, इंजिनाची माउंटिंग, सगळ्यांची यादी करावी आणि ज्यांचं वय माहीत नाही ते एकाच वेळी बदलून टाकावं. जुन्या पेट्रोल गाड्यांत इथेनॉल मिसळलेलं इंधन त्या काळच्या रबराला खातं, तेव्हा इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. काढलेल्यांतले जे बेल्ट आणि होज अजून बरे आहेत ते फेकू नयेत. तेच सोबत न्यायचे स्पेअर. ते या गाडीला बसतात याची खात्री आधीच झालेली असते, आणि ऐन रस्त्यात ही खात्री फार मोलाची ठरते.

ब्रेक आणि हब

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर, दीड-दोन वर्षांचं ऑइल असलेल्या भरलेल्या गाडीत, चाकाजवळचं ऑइल उकळून त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, आणि पेडल फरशीला टेकतं. म्हणून निघण्याआधी सगळं ऑइल बदलून, एअर काढून, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरची गळती बघून घ्यावी. उतारावर गाडी गिअरवरच धरावी.

हँडब्रेकविषयी एक इशारा. कित्येक जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरेन्शियलमुळे (एकाच ॲक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या गिअरमुळे, थोडक्यात डिफमुळे) ते हवेतलं चाक मोकळं फिरू शकतं आणि शाफ्ट घट्ट धरलेला असूनही गाडी घरंगळू शकते. चाकं बदलताना बाकीच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा चॉक लावल्याशिवाय गाडीखाली हातही घालू नये.

बेअरिंग तपासायची पद्धत सोपी आहे. चाक उचलून वर आणि खाली असे दोन हात ठेवून हलवावं. खटका जाणवला तर बेअरिंग सैल आहे, किंवा पुढचं चाक ज्यावर वळतं तो किंगपिन झिजलाय. निघण्याआधी चारही हब उघडून, जुनं ग्रीस पुसून, बेअरिंगवर निळसर डाग किंवा खड्डे दिसतात का ते पाहून, नवं ग्रीस भरून सील बदलावेत. हे काम एकदा स्वतःच्या हातानं करावं, मेकॅनिक शेजारी उभा असला तरी चालेल. रस्त्यात नेमकं हेच करायची वेळ येते.

पाण्यातून गेल्यावर काय होतं हे कळलं तर पुढचं काम आपोआप पटतं. तासन्‌तास चालून ॲक्सलच्या आतली हवा आणि तेल गरम झालेलं असतं. गाडी गार ओढ्यात उतरली की आतली हवा झटकन आकुंचन पावते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. श्वासनळी, म्हणजे ॲक्सलवरचा ब्रीदर, चिखलानं बुजलेला असेल तर ते पाणी सीलमधून आत शिरतं. मग डिफचं तेल दुधाळ होतं, वंगण जातं, गिअर खातात. उपाय अगदी साधा आहे: चारही ब्रीदरना, म्हणजे दोन ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांना, बारीक नळी जोडून तिचं तोंड बोनेटखाली उंच आणून ठेवायचं. खोल पाण्यातून आल्यावर डिफचा प्लग किंचित ढिला करून पहिला थेंब बघावा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तेच आधी बाहेर येतं.

इंजिनात पाणी गेलं तर मात्र थेंब बघण्याइतकी सवड मिळत नाही. सिलिंडरमध्ये हवेच्या जागी पाणी आलं की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल इंजिनात हा धोका जास्त. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनासाठी टपाच्या उंचीवरून हवा घेणारी नळी, बसवलं तरी त्याचा प्रत्येक सांधा हवाबंद नसेल तर ते केवळ शोभेचं आहे. स्नॉर्कलचा रोजचा खरा फायदा पाण्यापेक्षा धुळीत मिळतो, कारण ते पुढच्या गाडीच्या धुरळ्याच्या थोडं वरून हवा घेतं. एअर फिल्टरनंतरच्या नळीत बोट फिरवून बघा. आतून धूळ लागली तर इंजिन सँडपेपर गिळतंय.

फोर-व्हील-ड्राइव्ह नेमकी काय करते

पुष्कळ जुन्या गाड्यांत पुढचा ॲक्सल गरज पडेल तेव्हाच जोडायचा असतो. जोडला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात आणि सारख्याच वेगानं फिरतात. पण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाटेनं जातात. चिखलात किंवा वाळूत हा फरक चाक थोडं घसरून मिटवतं. कोरड्या डांबरावर चाकाला घसरता येत नाही, मग सगळा ताण शाफ्ट, त्याच्या सांध्यातले क्रॉस आणि गिअरमध्ये साठत जातो, ओलं कापड दोन हातांनी पिळावं तसा. लिव्हर अडकतो आणि शेवटी काहीतरी तुटतं. म्हणून घट्ट रस्त्यावर टू-व्हील, सैल जमिनीवर फोर-व्हील. मधे सेंटर डिफरेन्शियल असलेल्या गाड्या कायम चारही चाकांवर चालतात. त्यांत फक्त ते मधलं डिफ बांधून टाकणाऱ्या डिफ-लॉकला हाच नियम लागू. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत, तेही याच कारणासाठी.

चार चाकं जोडली म्हणजे चारही ढकलतात, असंही नाही. साधं डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गरगरत असेल तर त्याला जेमतेम जोर लागतो, आणि मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो. दोन्ही चाकं एकत्र बांधून टाकणारा लॉकर ही अडचण सोडवतो. पण माझ्या मते लांबच्या प्रवासाच्या बहुतेक गाड्यांना त्याची गरज नसते. टायरची हवा कमी करणं आणि लो रेंज वेळेवर लावणं एवढ्यानं बरंच निभावतं. लो रेंजमध्ये वेग निम्म्याहून कमी होतो आणि चाकावरचा जोर दुपटीहून वाढतो. अडकल्यावर ती लावण्यात अर्थ नाही, अवघड जागेत शिरण्याआधी लावायची. गाडी घरी उभी असतानाही महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर फोर-व्हील लावून थोडं चालवावं, नाहीतर लिव्हर आणि पुढची चाकं शाफ्टला जोडणारे-सोडवणारे फ्री-व्हील हब ऐन गरजेला जाम निघतात.

वजन

तयारीत माणसं सगळ्यात जास्त इथे चुकतात, कारण वजन एकदम वाढत नाही, थोडं थोडं वाढतं. प्रत्येक गाडीला बनवणाऱ्यानं जास्तीत जास्त एकूण वजन ठरवून दिलेलं असतं. समजा रिकाम्या टाकीची गाडी १,९०० किलोची आणि मर्यादा २,७०० किलोची आहे. म्हणजे हातात ८०० किलो. आता मोजू. दोन माणसं १५०. डिझेल लिटरला साधारण ८४० ग्रॅम भरतं, तेव्हा १२० लिटरचे १००. पाणी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. टपावरचं कॅरियर आणि तंबू १००. लोखंडी बंपर आणि विंच १००. दुसरी बॅटरी २५, भरलेला फ्रिज ४०, मागचे ड्रॉवर ७०, हत्यारं आणि स्पेअर ६०, दुसरी स्टेपनी ३५, अन्न-भांडी-कपडे ७०, गाडी बाहेर काढायचं सामान ४०. बेरीज ८५०. यात चैनीची म्हणावी अशी एकही वस्तू नाही, आणि मर्यादा ओलांडून झाली.

जास्त वजनाचा भार कुठेही एकट्यावर पडत नाही. ब्रेक लांबतात, बेअरिंग तापतात, पाटे बसतात, क्लच जळतो, चासीला चिरा जातात, इंधन जास्त लागतं, आणि जास्त इंधन म्हणजे पुन्हा वजन. कडक पाटे बसवून गाडी उंच दिसू लागते, पण त्यामुळे चासीची किंवा ॲक्सलची ठरलेली मर्यादा वाढत नाही. टपावरचं वजन सगळ्यात वाईट, कारण ते गुरुत्वमध्य वर नेतं आणि तिरक्या उतारावर गाडी उलटवतं. जड वस्तू खाली आणि दोन्ही ॲक्सलच्या मधे. टपावर फक्त हलकं आणि मोठं. मागच्या दारावर दोन स्टेपन्या आणि इंधनाचे कॅन टांगले की ते वजन तरफेसारखं मागचा ॲक्सल दाबतं आणि पुढचा उचलतं, मग स्टिअरिंग हलकं आणि बेभरवशाचं होतं.

म्हणून पूर्ण भरलेली गाडी, माणसांसकट, वजनकाट्यावर न्यावी. आधी पूर्ण, मग पुढची चाकं, मग मागची. आकडा जास्त आला तर घरी येऊन सगळं सामान जमिनीवर मांडावं आणि काढत जावं. लोखंडी बंपर आणि विंच मी पहिल्यांदा काढेन. एकट्या गाडीनं निर्मनुष्य चिखलातून जायचं असेल तेव्हाच त्यांचं वजन वसूल होतं.

उंची वाढवण्याच्या किटबद्दलही तेच. फार उंची वाढवली की प्रोपेलर शाफ्टचे कोन बदलतात, क्रॉस लवकर जातात, स्टिअरिंग सरळ राहायला कुरकुरतं. पैसे त्यापेक्षा चांगल्या शॉक ॲब्सॉर्बरवर घालावेत. लाटालाटांच्या खडी-मातीच्या रस्त्यावर शॉक तासन्‌तास घासून इतके तापतात की हात लावता येत नाही. हलक्या दर्जाचे तिथेच तेल सोडून देतात.

टायर

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी म्हातारा टायर भरलेल्या गाडीत उष्णतेनं फाटतो. मापापेक्षा मोठे टायर टाकले की गिअर जड होतात, ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो. कंपनीनं दिलेलं किंवा वाटेत सहज मिळेल असं माप निवडावं आणि भार पेलण्याचा निर्देशांक पुरेसा घ्यावा.

वाळूत हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि गाडी रुतण्याऐवजी वर तरंगत जाते. हा एक उपाय कुठल्याही महागड्या सामानापेक्षा जास्त गाड्या बाहेर काढतो. त्यासाठी एक बरं गेज आणि असा कंप्रेसर हवा, जो चार टायर भरताना मधेच जळणार नाही. हवा कमी असताना वेग कमी ठेवावा आणि झटकन वळू नये, नाहीतर टायर रिममधून निघतो. घट्ट रस्ता लागताच पुन्हा भरावी.

इंधन आणि वीज

जुनी टाकी काढून धुवावी. वर्षानुवर्षं तळाशी बसलेला गाळ खराब रस्त्यावर ढवळून वर येतो आणि फिल्टर बुजवतो. डिझेल गाडीला पाणी वेगळं करणारा सेपरेटर असावा, दोन-तीन फिल्टर सोबत असावेत आणि डिझेल लाइनमधली एअर हातपंपानं काढण्याचा सराव घरीच करावा. पल्ला काढताना हमरस्त्याचा ॲव्हरेज धरू नये. लिटरला ९ किलोमीटर देणारी गाडी मऊ वाळूत ५ वर येऊ शकते. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमध्ये मेण धरतं आणि फिल्टरमध्ये अडकतं, तेव्हा गार प्रदेशात शिरण्याआधी तिथलं हिवाळी डिझेल टाकीत असायला हवं.

जुन्या वायरिंगमध्ये दोष शोधताना आधी अर्थिंग बघावं. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, सगळे सांधे घासून स्वच्छ करून घट्ट करावेत. निम्म्या ‘विजेच्या भानगडी’ इथेच संपतात. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना १४ च्या थोडं वर. फ्रिज आणि दिव्यांसाठी दुसरी बॅटरी घेतली तर मधे रिले हवा, म्हणजे फ्रिजनं सुरू करायची बॅटरी संपवायला नको. नव्या प्रत्येक जाड वायरला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा. वायर पत्र्याला घासून शॉर्ट झाली आणि फ्यूज दुसऱ्या टोकाला असला, तर गाडी पेटते.

सोबत काय न्यायचं

स्पेअर निवडताना मी दोनच प्रश्न विचारते: हा भाग गेला तर गाडी जागच्या जागी थांबेल का, आणि तो मला रस्त्याकडेला बदलता येईल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तरच तो पेटीत जातो. त्यामुळे बेल्ट, होज, फिल्टर, वॉटर पंप, एका चाकाचं बेअरिंग आणि सील, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, क्लच आणि ब्रेकच्या सिलिंडरांची रबरं, फ्यूज, रिले, अल्टरनेटरचे ब्रश, तारा आणि तेलं येतात. गिअरबॉक्सचे भाग येत नाहीत. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल छापील स्वरूपात हवं, आणि हब नटचा पाना आठवणीनं.

गाडी ओढून काढताना दोर फक्त चासीला बोल्टनं धरलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या हुकाला लावावा. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीच नाही. ताणलेल्या दोरानं तुटलेला तो गोळा तोफगोळ्याच्या वेगानं काच फोडून आत येतो, आणि अशानं माणसं मेली आहेत. एक दणकट फावडं, रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दोन पट्ट्या आणि योग्य क्षमतेचा दोर एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात.

सीमा ओलांडायची असेल तर जुन्या गाडीची एक खास अडचण असते. कधीतरी इंजिन बदललेलं असतं, रंग बदललेला असतो. गाडी तात्पुरती परदेशी नेण्यासाठी कित्येक देश कार्ने दे पासाज हा सीमाशुल्काचा परवाना मागतात. त्यावर चासी नंबर, इंजिन नंबर, रंग, वजन सगळं लिहिलेलं असतं आणि साधारणपणे तो एक वर्ष चालतो. नोंदणीच्या कागदावरचा प्रत्येक आकडा प्रत्यक्ष धातूवर कोरलेल्या आकड्याशी महिनोन्‌महिने आधी ताडून घ्यावा. नंबर गंजानं पुसट झाला असेल तर तेही आधीच अधिकृतपणे निस्तरावं.

चाचणी

सगळं झालं की गाडी पूर्ण भरून, अगदी पाण्याच्या शेवटच्या कॅनसकट, काही दिवसांच्या छोट्या प्रवासाला न्यावी. त्यात चढ असावा, कच्चा रस्ता असावा आणि रात्रीचा मुक्काम असावा. पहिल्या ५० ते १०० किलोमीटरवर चाकांचे नट पुन्हा टॉर्क रेंचनं तपासावेत, आणि पाट्यांचे यू-बोल्टही. नवे भागही बिघडतात, आणि ते बहुधा सुरुवातीलाच बिघडतात. म्हणून निघण्याच्या आदल्या आठवड्यात कुठलाही मोठा भाग बदलू नये. बदलला तर चाचणी नव्यानं करावी.

प्रवासात रोज सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, गाडीखाली ठिबकलेलं काही दिसतं का ते बघावं. मग ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, टायर. दुपारी थांबल्यावर चारही हबच्या जवळ हात न्यावा. एक हब बाकी तिघांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर बेअरिंग किंवा चिकटलेला ब्रेक बोलतोय, आणि ते त्याच दिवशी उघडून बघायचं. किती किलोमीटरला किती ऑइल लागलं, किती डिझेल लागलं, हे वहीत लिहीत जावं. ऑइलचा खप अचानक वाढला किंवा ॲव्हरेज एकाएकी घसरला, तर पुढचं मोठं गाव येईपर्यंत वेग कमी ठेवावा आणि तिथे एक दिवस थांबून कारण शोधावं.